पाठीवरचे पाणी

वाचकहो, मुकुंदवाडीत ज्याचे अर्धे आयुष्य गेले त्याला पाण्याविषयी कोणी काही शिकवावे, ही कल्पना मला एकेकाळी हास्यास्पद वाटली असती. आमच्या वस्तीत नळाला पाणी येण्याचा दिवस सणासारखा असतो. त्या दिवशी घरातील माणसे बाहेरची कामे पुढे ढकलतात. ड्रम, हंडे, कळश्या, बादल्या, प्रसंगी कुकरची भांडीसुद्धा भरून ठेवली जातात आणि पुढचे कित्येक दिवस तो साठा पुरवावा लागतो. शहराला पाणी येते ते पन्नासएक किलोमीटरवरच्या पैठणच्या नाथसागरातून. पण वाटेत ते इतके वाटले जाते, की आमच्या दारी पोहोचेपर्यंत त्याचे मोल तुपासारखे झालेले असते. भाजी धुतलेले पाणी तुळशीला, कपड्यांचे शेवटचे पाणी फरशीला, आणि पाहुण्याला आधी अर्धा पेला, मागितला तर उरलेला अर्धा, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. ते अंगातच मुरलेले असते.

२०१९ मधील एक दृश्य आपल्यापैकी काहींना आठवत असेल. मुकुंदवाडी स्थानकाजवळच्या वस्तीतील लहान मुले रिकामी भांडी घेऊन रेल्वेत चढत, तेव्हाच्या औरंगाबाद स्थानकावर उतरून नळावर ती भरत आणि परतीच्या गाडीने पाणी घरी आणत. जाऊनयेऊन सुमारे १४ किलोमीटरचा तो प्रवास होता. त्या मुलांची छायाचित्रे देशोदेशीच्या वृत्तपत्रांत छापली गेली. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला पाणी जपण्याचा अभिमान असणे स्वाभाविक आहे. मलाही तो होता. त्याच अभिमानापायी माझ्या भाच्याचा जीव धोक्यात आला होता. आज ती हकिकत आपल्याला सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आम्ही पाच जणांनी अजिंठ्याच्या डोंगररांगेतून तीन दिवसांची पायपीट ठरवली. सिल्लोड, उंडणगाव करीत हळद्यापर्यंत गाडीने जायचे, वेताळवाडीचा किल्ला पाहायचा, मग डोंगराच्या धारेने आणि सागाच्या जंगलातून जंजाळ्याच्या किल्ल्याकडे चालत जाऊन तेथील घटोत्कच लेणी पाहायची, असा बेत होता. माझे दोन जुने मित्र, माझे मेहुणे, मी आणि एकोणीस वर्षांचा भाचा. ताईने त्याला माझ्यासोबत पाठवताना एवढेच म्हटले होते, “तू आहेस म्हणून सोडते आहे.”

निघण्याच्या आदल्या रात्री सामान बांधताना पहिली चूक झाली. भाच्याने पाच लिटरचा एक कॅन आपल्या पिशवीला बांधला होता. मी तो सोडवला. एक तर एका लिटरचे वजन एक किलो. पाच किलो उगाच कशाला वाहायचे, असा माझा हिशेब. दुसरे, त्या दिवशी नळ येऊन पाच दिवस झाले होते आणि ड्रम तळाला गेला होता. “वाटेत टाके आहे. प्रत्येकी दोन बाटल्या पुष्कळ झाल्या,” मी म्हणालो. टाक्याविषयीची माझी माहिती मित्राच्या सांगण्यावरून होती, आणि मित्राने ते टाके श्रावणात पाहिले होते. हा तपशील मी विचारला नाही आणि त्यानेही सांगितला नाही.

पहिला दिवस उत्तम गेला. गावात मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे बाटल्या भरून घेताना आमच्या यजमानीणबाईंनी आपणहून विचारले, “आणखी काही भरायचं आहे का, दादा?” त्या गावातही उन्हाळ्याची चाहूल लागली होती. ज्यांच्या घरी हंडा डोक्यावर येतो त्यांच्याकडे जास्त मागायला माझी जीभ रेटेना, आणि भरायला भांडेही नव्हते. पाच माणसे आणि दहा लिटर पाणी घेऊन सकाळी सात वाजता आम्ही निघालो.

मार्चमधले ते डोंगर ज्यांनी पाहिले नसतील त्यांना सांगतो. साग तेव्हा पानझडीत असतो. झाडे उभी असतात, पण सावली नसते. पायाखाली वाळलेल्या पानांचा खच, वर उघडे आभाळ आणि दोन्हीकडून तापलेला काळा कातळ. साडेनऊच्या सुमारास आम्ही त्या टाक्यापाशी पोहोचलो. तळाशी भेगाळलेला चिखल होता आणि त्यात गुरांच्या खुरांचे वाळलेले ठसे होते.

तेव्हा मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. वयाने मी थोरला, त्यातून मुकुंदवाडीचा. पाणी कसे पुरवायचे ते मलाच कळते, या भावनेने मी नियम घालून दिला. तासाला एकेक घोट, त्याहून अधिक नाही. सर्वांनी तो निमूटपणे मानला. भाच्याने तर माझ्यावर कडी केली. मामापेक्षा कमी पाण्यात भागवून दाखवायचे, असे त्याने मनाशी ठरवले असावे.

बाराच्या सुमारास तो मागे पडू लागला. डोके दुखते म्हणाला. एकदा उलटीची भावना झाली. नंतर तो चिडचिड करू लागला, जे त्याच्या स्वभावात नाही. एकच्या आसपास मी त्याला विचारले, “अरे, गावात आपण नाश्त्याला काय खाल्लं होतं?” त्याने माझ्याकडे पाहिले आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, “कुठल्या गावात?” त्या दोन शब्दांनी माझ्या अंगावर काटा आला.

एका वडाच्या सावलीत आम्ही त्याला निजवले. बूट काढले, शर्टाची बटणे सोडली, पाय पिशवीवर उंच ठेवले. आणि मग सर्वांच्या पिशव्यांतले पाणी एकत्र केले. वाचकहो, ते पाणी चार लिटरहून अधिक निघाले. माझ्या पिशवीत तर एक बाटली सील न उघडल्यासारखी काठोकाठ भरलेली होती. ज्या पाण्यावाचून तो मुलगा वेडावला होता ते पाणी सकाळपासून आमच्या पाठीवर डुचमळत होते.

माझ्या पत्नीने औषधांच्या डबीत ओआरएसची दोन पाकिटे टाकली होती. एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात विरघळवून आम्ही त्याला घोटाघोटाने पाजले. दुसरे लिटर त्याच्या मानेवर, छातीवर, काखांत ओल्या फडक्याने फिरवण्यात गेले. मेहुणे टोपीने वारा घालत राहिले. सुदैवाने अर्ध्या तासात त्याला भान आले. साडेचारपर्यंत आम्ही तेथून हललो नाही. नंतर एका गुराख्याच्या मागोमाग जवळच्या मळ्यातील विहिरीवर पोहोचलो. संध्याकाळी त्याला लघवी झाली, ती चहाच्या रंगाची होती. पुढचा बेत रद्द करून त्याच रात्री आम्ही त्याला दवाखान्यात नेले. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सारी हकिकत ऐकून घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, “पाणी संपल्यामुळे हे झालेलं नाही. पाणी असताना झालेलं आहे. उष्माघाताच्या उंबरठ्यावरून परत आणलंत त्याला.”

ते वाक्य मी विसरू शकलो नाही. परत आल्यावर जे मिळेल ते वाचू लागलो आणि मला माझ्या चुकीचे मूळ सापडले. घरातला ड्रम आणि माणसाचे शरीर यांना मी एकच नियम लावला होता. ड्रममधून कमी काढले की ते अधिक दिवस पुरते. शरीराचे तसे नाही. उन्हात चालताना शरीराचे तापमान ताब्यात ठेवण्यासाठी घाम येतो, आणि आपण पाणी प्यालो नाही म्हणून तो थांबत नाही. खर्च चालूच राहतो. फक्त जमा थांबते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरातून सव्वा लिटरच्या आसपास पाणी गेले, की वजनाचे दोन टक्के गेले. एवढ्याने चालण्याची शक्ती आणि एकाग्रता उणावू लागते. रक्ताचे आकारमान घटते, हृदयाचे ठोके वाढतात, त्वचेकडे जाणारे रक्त कमी होते, आणि शरीरातील उष्णता बाहेर पडण्याचा मार्गच आखडतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडवर्ड ॲडॉल्फ या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटातील सैनिकांचा अभ्यास केला. १९४७ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. कमी पाण्यावर भागवण्याची सवय शरीराला लावता येत नाही, हा त्यातील एक मुख्य निष्कर्ष. दुसरा असा, की हाताशी पाणी असूनही चालणारा माणूस घामावाटे गेलेल्या पाण्याइतके पाणी आपणहून पीत नाही. तहान मागे राहते. म्हणजे जी काटकसर आम्ही सद्गुण म्हणून मिरवत होतो तिला शरीरशास्त्रात काही स्थान नव्हते.

मग कोरड्या मुलखात दूर चालत जाणाऱ्याने काटकसर करूच नये काय? जरूर करावी, पण घोटाची नव्हे. काटकसर अंतराची करावी, उन्हाची करावी, घामाची करावी. माझ्या अनुभवाचे सार एवढेच आहे. आता त्याचा व्यवहार सांगतो.

पाण्याचा हिशेब दिवसांत न करता चालण्याच्या तासांत करावा. हिवाळ्यात सपाट वाटेवर माणशी तासाला अर्धा लिटर पुरते. फाल्गुन-चैत्राच्या उन्हात, पाठीवर ओझे घेऊन चढ चढताना ते पाऊण ते एक लिटर धरावे. आमच्या त्या दिवसाचाच हिशेब पाहा. पाच माणसे, सहा तासांची चाल, तासाला पाऊण लिटर. म्हणजे साडेबावीस लिटर पाणी हवे होते. आमच्याकडे दहा होते. मुक्कामी पाणी नसेल तर स्वयंपाक, चहा आणि रात्रीचे पिणे यांसाठी माणशी आणखी दोन लिटर लागतात. दोन कोरडे दिवस काढायचे तर माणशी दहा-बारा किलो नुसते पाणीच होईल, आणि ते ओझे वाहण्यासाठी आणखी घाम गाळावा लागेल. म्हणून साधारण माणसाने पाठीवर एका दिवसाहून अधिक पाणी वाहण्याचा हट्ट धरू नये. त्याऐवजी वाट अशी आखावी की रोज एकदा तरी खात्रीचे पाणी लागेल, किंवा जिथे डोंगरवाटेला गाडीरस्ता छेदतो तिथे आधीच भरलेले कॅन नेऊन ठेवावेत.

‘खात्रीचे’ या शब्दावर थोडे थांबावे. शिवकाळ आणि त्यानंतरचा काळ पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी आपल्या ‘आज्ञापत्रा’त गडाच्या बांधणीविषयी लिहिताना आधी पाणी पाहावे असे सांगितले आहे; इतकेच नव्हे, तर एक झरा आहे म्हणून निश्चिंत न राहता आणखी टाकी बांधून घ्यावीत, कारण युद्धाच्या वेळी तोफांच्या हादऱ्याने झरे आटू शकतात, असा इशाराही दिला आहे. ज्यांना गडावर महिनोन्‌महिने राहायचे होते त्यांनी एका झऱ्यावर विसंबायचे नाही असे ठरवले होते, आणि मी मित्राच्या श्रावणातल्या आठवणीवर विसंबलो! नकाशावरची टाक्याची खूण म्हणजे पाणी नव्हे. निघण्यापूर्वी दोन-चार दिवसांत त्या गावातील गुराख्याला, शेतकऱ्याला, शिक्षकाला विचारून पाणी आज आहे की नाही, हे समजून घ्यावे.

टाक्यात पाणी असले तरी ते तसेच पिऊ नये. फडक्याने गाळल्याने पालापाचोळा निघतो, तुरटीने गढूळपणा बसतो, पण रोगजंतू जात नाहीत. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते किमान एक मिनिट उकळू द्यावे. सरपण नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावरील सूचनेप्रमाणे वापराव्यात आणि सांगितलेला वेळ थांबावे. डोंगरात जुलाब लागणे म्हणजे पाण्याची दुसरी चोरी होय.

सगळे पाणी एका भांड्यात ठेवू नये. एक फुटले तर सर्वच जाते. आमच्या आजोबांचा फिरकीचा तांब्या त्यांच्या प्रवासाला पुरत असे, कारण त्यांच्या वाटेवर कोसाकोसाला विहीर होती. आज लिटर-लिटरच्या तीन-चार बाटल्या आणि जोडीला घडी होणारी एक मोठी पिशवी हे सोयीचे पडते. नळीने पिण्याची पिशवी पाठीवर असेल तर घोट घेणे सोपे जाते, परंतु किती उरले ते दिसत नाही. म्हणून दर विश्रांतीला ती उघडून पाहावी.

निघण्यापूर्वी तास-दोन तास आधी दोन पेले पाणी पिऊन घ्यावे. चालू लागल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी पाऊण ते एक पेला, तहानेची वाट न पाहता. मात्र याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. घाबरून तासाला लिटरहून अधिक साधे पाणी पीत राहिले तर रक्तातील सोडियम पातळ होऊन डोकेदुखी, मळमळ, भ्रम, क्वचित झटकेही येऊ शकतात. घामासोबत मीठही जाते. म्हणून खात-पीत चालावे. खारे शेंगदाणे, गूळ, दशम्या, चटणी, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, ही आपली जुनी शिदोरी या कामी उत्तम आहे.

ओआरएसचे पाकीट तर असावेच. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देऊन असंख्य रुग्ण वाचवले. तीच ही पुडी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने वाढवू नये.

वेळेविषयी एकच नियम. पहाटे पाच ते दहा आणि सायंकाळी चार ते अंधार पडेपर्यंत चालावे. मधला वेळ सावलीत काढावा. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्येही उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत चढ-उतार करू नये असेच सांगितले जाते. आपला गुराखी हे न वाचताच पाळतो. आणि जवळचे अर्धे पाणी संपले, पण पुढचे पाणी अजून दृष्टिपथात नाही, अशी वेळ आली तर मागे फिरावे. आम्ही त्या कोरड्या टाक्यापासून साडेनऊलाच परतलो असतो, तर बाराच्या आत गावात पोहोचलो असतो. पाणी वाचवण्याचा तोच खरा उपाय होता, आणि तो मला सुचला नाही.

सोबत मुले किंवा वयस्क माणसे असतील तर त्यांच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे. मुले खेळाच्या नादात पाणी मागत नाहीत. म्हाताऱ्यांना तहानच कमी लागते. हृदयाचे, मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी किंवा लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी पाण्या-मिठाचे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे. डोकेदुखी, चिडचिड, गळून जाणे, गडद लघवी ही पहिली घंटा समजावी आणि तेथेच थांबावे. बोलण्यात असंबद्धता आली, तोल गेला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजून आधी शरीर थंड करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी कधीही ओतू नये. अशा वेळी प्यायचे पाणी अंगावर ओतण्यात कंजुषी करू नका.

भाचा आठ दिवसांत पूर्ण बरा झाला. ताईला मी सारे काही सांगितले. कॅन मी सोडवला होता, हेही. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आपल्या घरात पाणी मागायला मुलं भितात, हे मला आजवर कळलंच नव्हतं.” तिचे म्हणणे खरे होते. त्या दुपारी भाच्याला तहान लागली नव्हती असे नाही; त्याने ती मला सांगितली नव्हती.

त्यानंतर आमच्या घरी एक गोष्ट बदलली. ड्रमच्या पाण्याचा हिशेब अजूनही तसाच काटेकोर आहे, कारण नळाचे दिवस अजून तसेच आहेत. पण पिण्याच्या पाण्याचा माठ त्या हिशेबातून वगळला आहे. पाहुण्याला आता पूर्ण पेला मिळतो. आणि डोंगरात जाण्याच्या आदल्या रात्री आमच्या पिशव्यांत सर्वांत आधी भरते ते पाणी. उरलेल्या जागेत बाकीचे सामान. भाचा आता आमच्या चमूचा म्होरक्या आहे. दर वीस मिनिटांनी तो थांबतो, मागे वळतो आणि दरडावून विचारतो, “मामा, प्यालात का?” मी निमूटपणे बाटली उघडतो.